मखरवाल्याचं विमान

शहापूरच्या बाजारपेठेमागे, ओढ्याच्या कडेला, गणू वेखंडेची पत्र्याची शेड आहे. आत शिरताना आधी वास येतो. जळक्या फोमचा, गोडसर, घशात बसून राहणारा. मग दिसते ती तार. दोन खुंट्यांमध्ये ताणलेली, वीज सोडली की तापून लालसर होणारी. फोमचा ठोकळा तिच्यावर ढकलला की काही आवाज न होता एकाचे दोन होतात. गणू तिच्यासमोर श्वास रोखून उभा असतो. श्वास सोडला की रेघ हलते, असं तो म्हणतो. अर्ध्याहून जास्त आयुष्य या माणसानं असा श्वास धरून काढलंय.

तालुक्यात त्याला वेखंडे म्हणून फारसं कोणी ओळखत नाही. तो गणू मखरवाला. गणपतीच्या दिवसांत वाशिंदपासून खर्डीपर्यंत घराघरांत त्याची देवळं उभी राहायची. कमानी, कळस, जाळीच्या खिडक्या, सगळं थर्माकोलचं, वर चकचकीत बेगड. त्याची खासियत होती एक कोपरा. मूर्तीच्या बाजूला तो दोन आरशी पत्रे काटकोनात बसवायचा. सुतारी गुण्या लावून, केसभरही फरक न ठेवता. मग पोरं समोर कुठंही बसोत, डावीकडे, उजवीकडे, पार दाराशी, प्रत्येकाला त्या कोपऱ्यात स्वतःचंच तोंड दिसायचं. पोरं जागा बदलून बघायची. तोंड पाठ सोडायचं नाही.

"माझा कोपरा कोणाला इसरत नाय," गणू म्हणायचा.

मग थर्माकोलवर बंदी आली. बंदी बरोबर होती हे तो स्वतःच सांगतो. ओढ्यात अडकलेले आपलेच कळस त्यानं कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून काढलेत. पुढची काही वर्षं त्यानं पुठ्ठ्याची मखरं केली. पण पुठ्ठ्याला तार चालत नाही, तो काळा पडतो. तार थंड झाली. घरातल्या माणसानं एकाएकी बोलणं सोडावं, तशी ती शेड झाली.

तिला पुन्हा बोलतं केलं भूमिकानं. ही गणूची मुलगी, इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. कॉलेजात तिला रिमोटवर उडणाऱ्या विमानांचा नाद लागला. त्या विमानांचा फोम वेगळा असतो, लवचीक, दणके खाणारा. तो तारेवर झकास कापला जातो. पहिला पंख कापून झाला तेव्हा गणूनं तो गालावरून फिरवून बघितला आणि म्हणाला, "कळसापेक्षा गुळगुळीत आलाय गो."

पण छंदानं शेड चालत नाही. हौसाचा, म्हणजे गणूच्या बायकोचा, धाकटा भाऊ मनोज भिवंडीच्या एका गोदामात सुपरवायझर आहे. त्यानं गणूसाठी तिथं काम बघून ठेवलं.

"दाजी, आता बास झाला," मनोज शेडच्या दारात उभा राहून म्हणाला. "खुर्चीत बसायचं, आल्या-गेल्या गाड्या बघायच्या. सावली हाय, पंखा हाय. शेडमधी मी माझ्या टाइल्स ठेवतो."

"आणि तार?"

"भंगारवाला घेईल ना."

गणूनं नजर वळवली. त्या वेळी शेडच्या पत्र्यावर एक जाहिरात चिकटवलेली होती. कल्याणच्या एका विमान क्लबची स्पर्धा, नाव 'लपा आणि वळा'. जागा मुरबाडजवळची, कापणी झालेली भातशेतं. बक्षिसात ढाल होती, पण गणूची नजर खालच्या ओळीवर होती. पहिलं येणाऱ्या विमानाची घडण क्लब जिल्ह्यातल्या शाळांसाठी घेणार होता, आणि ती विमानं कापायचं काम ज्यानं ते घडवलं त्याच्याकडेच राहणार होतं. वर्षभराचं काम. तारेचं काम.

"स्पर्धा रविवारी हाय, पुढच्या म्हयन्यात," गणू म्हणाला. "विमान पहिलं आलं तर शेड माझी. नाय आलं तर सोमवारी तुझ्याबरोबर भिवंडी."

"शब्द?"

"शब्द."

हौसा आतून ओरडली, "अवो, विमान उडवून कोणाचं पोट भरलंय?"

"पायलटचं," गणू म्हणाला.

स्पर्धेची कल्पना सारिका मॅडमची. क्लब त्याच चालवतात. उभी नोकरी त्यांनी रडारवर काढली. त्यांनी एका तीन पायांच्या तिकाटण्यावर छोटं रडार बसवलं होतं, शेजारी लाल दिवा. विमानावरून लहरी आपटून परत आल्या की दिवा पेटणार. आधी रडारच्या दिशेनं सरळ यायचं, मग त्याच्या डोळ्यांदेखत तीन झेंड्यांना वळसे घालायचे आणि शेवटची रेघ ओलांडायची. दिवा जितका पेटला तितके गुण वजा. वेळ जितका लागला तितकेही वजा. आणि एक अट: विमान आख्खं बेगडानं मढवायचं. नुसता फोम रडारला जवळजवळ दिसतच नाही, मग आकाराची परीक्षा कसली?

बेगडाचं नाव ऐकून गणू जाग्यावर उभा राहिला. "बेगड? मला सांगतायत बेगड लावायला?"

भूमिकानं शेडच्या पत्र्यावर खडूनं विमान काढलं. वटवाघळासारखं, नुसता पंख.

"शेपूट कुठाय?" गणूनं विचारलं.

"नाही. शेपूट रडारला दिसतं."

"मग वळणार कशानं?"

"तेच तर भांडण आहे ना, बाबा." ती वळली. तिच्या नाकाला खडू लागला होता. भांडणाच्या नुसत्या नावानं तिचे डोळे लकाकले. "लढाऊ विमानाला दोन गोष्टी हव्या असतात. दिसायचं नाही आणि झटकन वळायचं. लपायचं तर अंग सपाट हवं, कडा सगळ्या एका दिशेला हव्यात, क्षेपणास्त्रं पोटात कोंबायची, बाहेर काही लटकवायचं नाही. मग पोट सुटतं. वजन वाढतं. आणि वळायचं तर मोठी शेपटं हवीत, हलणारे पडदे हवेत, वाऱ्याला धरायला काहीतरी हवं. वाऱ्याला जे सापडतं ते रडारलाही सापडतं."

"मग मोठ्ठी लोकं काय करतात?"

"भांडतात. अमेरिकेनं एकदा दोन नमुने बनवून घेतले, दोन कंपन्यांकडून. एक जास्त लपणारा आणि पळणारा. दुसरा जास्त वळणारा, त्याच्या इंजिनाची तोंडंसुद्धा वरखाली व्हायची."

"कुठला घेतला?"

"वळणारा. कारणं आणखीही होती म्हणतात. पण लोक अजून त्यावर वाद घालतात."

तिसरा माणूस शेडच्या उंबऱ्यावर वडापाव खात बसला होता. भाविक, वाशिंदचा, तिच्याच वर्गातला. विमान उडवायचं काम त्याचं. तो तोंड भरलेलं असतानाच बोलला, "बिनशेपटीचं मी नाय उडवणार. गेल्या साली उडवलेलं. वारा आला ना काका, म्हशाच्या जत्रंत बैल उधळतो तसं. आपण हिकडं, ते तिकडं."

"तू घाबरतोस," भूमिका म्हणाली.

"मी नाय घाबरत, विमान घाबरतं."

दोघं बराच वेळ भांडले. अखेर भूमिकानं हार मानली आणि पंखाच्या मागच्या बाजूला दोन छोटी शेपटं काढली, दोन कानांसारखी. खडू पत्र्याच्या पन्हाळीवरून घसरत गेला. गणू बघत होता. त्याला वाटलं, पोरीला आता हे काम आवडलेलं नाही, म्हणून हात नीट चालत नाही आणि खडू घसरतोय. तो काही बोलला नाही. गिऱ्हाईक मखराचं चित्र वेडंवाकडं काढून आणायचं, तेव्हाही तो कधी बोलायचा नाही. घरी नेऊन सरळ करायचा. गिऱ्हाईक खूष व्हायचं.

विमान तयार झालं तेव्हा ते बघायला शेजारपाजारचे आले. बेगडाला एक सुरकुती नव्हती. सांधा कुठं आहे ते बोटाला कळत नव्हतं. दोन्ही शेपटं पंखावर ताठ उभी होती. गणूनं गुण्या लावून सगळ्यांना दाखवलं. मधून उजेडाची फटसुद्धा दिसत नव्हती. हौसानं विमानाला हळदकुंकू वाहिलं आणि पंखावर फूल ठेवायला गेली, तशी भूमिका ओरडली, "आई, वजन!"

"फुलाचं कसलं वजन गो?"

"त्याला लागतं."

स्पर्धेच्या आधीच्या रविवारी क्लबनं सरावासाठी रडार लावलं. मुरबाडच्या बाहेर शेतं नुसती धसकटांची, पिवळी, पायाखाली कुरकुरणारी. मागे डोंगर आणि त्यात सिद्धगड, थंड निळा. हवा अशी की माणसाला वाटावं आपल्यालाही उडता येईल. भाविकनं विमान हातातून सोडलं आणि ते खरोखर गेलं. पंखावर ऊन घेत, वळत, पुन्हा वळत. भाविक आनंदानं शिव्या देत होता.

"वळतंय! काका, कसलं वळतंय!"

मग गणूनं दिव्याकडं बघितलं. दिवा लाल होता. विमान लांब गेलं, दिवा लाल. जवळ आलं, दिवा लाल. उतरेपर्यंत तो विझला नाही. शेजारच्या संघातला एक पोरगा हसून म्हणाला, "काका, तुमचं विमान रडारला हाक मारतंय."

भूमिका खाली बसली. एखादी वायर बेगडाबाहेर राहिली असेल, म्हणून तिनं पोट उघडून बघितलं. नव्हती राहिली. भाविकला वाटलं मोटरचा पंखा; पण तो प्लास्टिकचा. कोणालाच काही कळेना. अखेर गणूनं विमान दोन्ही हातांत धरलं आणि रडारसमोर उभा राहिला. नाक सरळ रडारवर रोखलं. दिवा विझला. जरासं फिरवलं. लाल. आणखी फिरवलं. लाल. तिरकं धरलं, बाजूनं धरलं, थोडं वर, थोडं खाली. लाल, लाल, लाल.

गणू थांबला.

जागा बदलून बघणारी पोरं त्याला आठवली. डावीकडे, उजवीकडे, दाराशी. प्रत्येकाला आपलंच तोंड. त्यानं विमानाच्या शेपटाकडं बघितलं. पंख आडवा, शेपूट उभं, मधे काटकोन. दोन्हींवर बेगड. त्यानं पंखावर मखर बांधलं होतं. रडारची लहर येत होती, पंखावर आपटत होती, शेपटावर आपटत होती आणि जिथून आली तिथंच, न चुकता, परत जात होती.

"हा माझा कोपरा हाय," तो म्हणाला.

भूमिका उठली. तिनं शेपटाला हात लावला, मग त्याच्याकडं बघितलं. "बाबा, हे सरळ उभं का आहे? मी तिरकं काढलं होतं. दोन्ही बाहेरच्या बाजूला कललेली. पोटाची बाजू कलते तेवढीच."

"मला वाटलं पन्हाळीवरून तुझा खडू घसरला."

"माझा खडू घसरला?"

"मी सरळ केलं."

तिनं शेपटावरचा हात काढला. मग बोलली ती एकदम, पाण्याच्या लोंढ्यासारखी. "जगातल्या सगळ्या लपणाऱ्या विमानांची शेपटं तिरकी असतात! मुद्दाम असतात! लहर तिसरीकडं फेकायला! आणि तुम्ही गुण्या लावून..."

भाविक तोंड फिरवून हसू दाबत होता. त्याला दाबता आलं नाही. मग भूमिकालाही आलं नाही. गणू एकटाच हसला नाही. तो बघत होता शेतापलीकडं, जिथून भिवंडीचा रस्ता जातो.

"आठवडा हाय," तो म्हणाला. "चला."

तो आठवडा तालुक्यात जत्रेचा होता. म्हशाहून परतणाऱ्या गाड्यांमधून घोंगड्या, गुळाच्या ढेपा, नवे बैल जात होते, आणि शेडमध्ये एक माणूस उभ्या आयुष्यात पहिल्यांदा तिरका सांधा कापत होता. त्याच्या तारेच्या खुंट्या काटकोनासाठीच ठोकलेल्या होत्या. त्यानं त्या उपटल्या. ठोकळे तिरके धरायला खाचा केल्या. पहिली जोडी चुकली. दुसरी दोन्ही बाजूंना सारखी कलेना. कललेलं शेपूट वाऱ्याला कमी धरतं, म्हणून भूमिकानं ते मोठं करायला सांगितलं. मोठं केलं तर मागचा भाग जड झाला. मागचा भाग जड, म्हणून बॅटरी नाकाकडं सरकवावी लागली. बॅटरी सरकवली तर नाकाची निमुळती रेघ फुगली. रेघ फुगली तर रडार.

"ह्याला अंतच नाय," गणू म्हणाला. पण त्याचा आवाज खचलेला नव्हता. तो पोरासारखा रंगात आला होता. "एक टोक दाबलं की दुसरं वर येतं. देवळात असं नव्हतं गो. देऊळ उभं राहिलं की झालं."

"देऊळ वळत नाही, बाबा."

"हं. वळायचं म्हटलं की सगळं मागं लागतं."

तिनं त्याच्याकडं चमकून बघितलं. तो पुन्हा तारेकडं वळला होता.

शेवटी जे झालं ते मधलं होतं. वटवाघळाएवढं लपणारं नाही, पहिल्याएवढं वळणारं नाही. सगळ्या तिरक्या कडा एकमेकींशी समांतर. सांधा मात्र गणूला आवडत नव्हता. काटकोनात फोमवर फोम बसतो, वजन खाली जातं. इथं शेपूट डिंकाच्या भरवशावर बाहेर झुकलेलं होतं. हवेत त्याला किती ओढ बसेल, हे त्याचं बोट सांगू शकत नव्हतं. मखराला कधी कोणी हवेत गरकन फिरवलेलं नाही.

रविवारी शेतात माणसं जमली. जत्रेहून परतणारे थांबले, बांधावर घोंगड्या अंथरून बसले. कुणी भेळेची गाडी लावली. मनोजही आला होता, हौसाला मोटरसायकलवर मागे घेऊन.

मुंबईच्या संघाचं विमान आधी उडालं. शुद्ध वटवाघूळ, शेपटाचं नाव नाही. रडारच्या दिशेनं ते असं आलं की दिवा मेल्यासारखा गप्प. बांधावर टाळ्या पडल्या. पण झेंड्याशी येताच त्याची पंचाईत झाली. ते वळेना. मोठा, आळसावलेला फेरा घेत पार ओढ्यापर्यंत गेलं, पोट रडारला दाखवत. आणि तेवढा सगळा वेळ दिवा पेटलेला. दुसरं विमान आलं पुण्याचं. भलीमोठी शेपटं, सरळ उभी. झेंड्यांना ते असे वळसे घालत होतं की बांधावरची पोरं नाचायला लागली. दिवा मात्र येतानाच, नाक जरासं हललं तेव्हा, लाल झाला तो लालच राहिला.

भूमिका मात्र विमानांकडं बघतच नव्हती. ती दिव्याकडं बघत होती. एकाएकी तिनं भाविकचा दंड धरला.

"घट्ट वळ."

"काय?"

"आपण ठरवलं होतं ना, सावकाश वळायचं, पोट कमी दाखवायला? चुकीचं होतं ते. वटवाघळाचं बघितलंस? फेरा मोठा, म्हणून पोट जास्त वेळ रडारकडं. सपाट पोट आरशासारखं असतं, एकाच दिशेला चमकतं. झटक्यात वळलं तर चमकून जाईल. एक लखाख, बस. दिवा पेटून विझेल. भाविक, वळणंच आपल्याला लपवेल!"

भाविकच्या डोळ्यांत ते उतरताना दिसलं. मग त्याचा चेहरा पडला. "घट्ट वळलो आणि शेपटं सुटली तर?"

दोघांनी एकदम गणूकडं बघितलं.

बांधावर हौसा उठून उभी राहिली. मनोजही. सगळं आता या एका माणसाच्या शब्दावर होतं. शेड, तार, सोमवार. सावकाश वळलं तर विमान नक्की शाबूत राहणार होतं आणि नक्की हरणार होतं. गणूनं विमान उचललं. अंगठ्यानं सांधा दाबला, कान लावला, पुन्हा दाबला. काटकोन असता तर त्यानं शपथ घेतली असती.

"खरं सांगू?" तो म्हणाला. "मला माहीत नाय."

त्यानं विमान भाविकच्या हातात दिलं.

"तरी वळव," गणू म्हणाला. "गच्च वळव."

विमान सुटलं. डोंगराच्या निळ्यातून ते उन्हात आलं, नाक रडारवर रोखून. दिवा गप्प. जवळ. आणखी जवळ. एकदा लाल डोळा मिचकला आणि मिटला. पहिला झेंडा. भाविकनं दातओठ खात रिमोटची काडी ओढली. विमान कडेवर उभं राहिलं, पोट लखकन चमकलं, दिवा पेटला आणि माणसं 'आ' करेपर्यंत विझलासुद्धा! विमान वळून पुढं गेलं होतं. बांधावर गलका झाला. सारिका मॅडम खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या होत्या.

"अरे, विझला!" मनोज ओरडला. तो कोणाच्या बाजूनं ओरडतोय हे त्याच्या ध्यानात नव्हतं. "विझला, दाजी!"

दुसरा झेंडा. पुन्हा कडेवर, पुन्हा लखाख, पुन्हा काळोख. पण या वेळी गणूनं वेगळा आवाज ऐकला. बारीक, कोरड्या पानासारखा. त्याच्याशिवाय कोणी ऐकला नसेल. डावं शेपूट थरथरत होतं.

"काका, उजवीकडं खेचतंय," भाविक ओरडला. "सोडू का? रुंद घेऊ?"

गणूचा श्वास कधीचा रोखलेला होता. तो त्यानं सोडला. "गच्च!"

तिसरा झेंडा. विमान कडेवर गेलं, चमकलं, आणि त्याच क्षणी डावं शेपूट निम्मं उपटून बेगडाच्या पदराला लोंबायला लागलं. विमान दारू प्यायल्यासारखं झुललं. भाविक काडीशी झटत होता, भूमिका ओरडत होती, हौसानं डोळे मिटले होते. विमान आडवं झालं, तिरकं झालं, आडव्याच अंगानं शेवटच्या रेघेवरून गेलं आणि धसकटांत नाक खुपसून पडलं.

"रेघ ओलांडली का? ओलांडली का?" सगळे एकमेकांना विचारत होते. पंच दोघं होते, ते रेघेकडं धावले. पुण्याचा एक जण म्हणाला, उतरणं झालंच नाही. सारिका मॅडम म्हणाल्या, उतरण्याला गुण नाहीत, नियम वाचा. मग खाली मान घालून त्या आकडेमोड करायला लागल्या.

गणू तिथं नव्हता. तो शेतात धावत सुटला होता. धसकटं पोटऱ्यांना ओरबाडत होती. त्यानं विमान उचललं, डावं शेपूट हातात घेतलं आणि जिथं तुटलं होतं तिथं बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग तो ओरडला, एवढ्या मोठ्यानं की बांधावरचे बैल कान टवकारून बघायला लागले.

"सांधा धरलाय! फोम फाटलाय, सांधा नाय! भूमिका, बघ गो, सांध्याच्या वरून फाटलाय!"

भूमिका त्याच्याकडं धावत येत होती, दोन्ही हात वर करून. तिच्या मागं भाविक, त्याच्या मागं पोरांचं लेंढार. ती काहीतरी सांगत होती. त्याला आधी ऐकूच गेलं नाही.

"बाबा! पहिलं! आपण पहिलं आलो! वटवाघळापेक्षा थोडंसंच, पण पहिलं!"

"फोम जाड घ्यायला हवा, बुडाशी," गणू म्हणाला.

"बाबा, ऐकताय का? शाळांचं काम तुमचं! मॅडमनी सांगितलं!"

मग ते त्याच्या आत शिरलं. तो धसकटांतच खाली बसला, विमान मांडीवर घेऊन, आणि त्याला हसू आवरेना. हौसा आली, तिनं त्याच्या पोटऱ्यांवरचं रक्त पदरानं पुसलं आणि म्हणाली, "पायलटचं पोट भरतं म्हणत व्हते. हा पायलट तर वडापावच खातो सदा."

मनोज हळूच मागून आला. त्याच्या हातात मोटरसायकलची चावी होती, ती तो बोटाभोवती फिरवत होता.

"दाजी, मंग उद्या..."

"उद्या शेड उघडायची हाय," गणू म्हणाला. "तू येतोस का? फोमचे ठोकळे उचलायला माणूस लागंल."

"मी? मला गोदाम हाय."

"मंग आता निदान हे धर." गणूनं लोंबतं शेपूट त्याच्या हातात दिलं आणि उठला. "बेगड फाडू नकोस. भूमिका, सांग मला, हेच्यापेक्षा मोठं करायचं म्हटलं तर काय काय मागं लागंल?"

भूमिकानं जमिनीवर बसून काडीनं मातीत रेघ ओढली. तिरकी. या वेळी गणूनं गुण्या मागितला नाही. तो वाकून ती रेघ कुठं जाते ते बघत राहिला, आणि बांधावरची माणसं, भेळेचे कागद हातात धरून, हळूहळू त्यांच्याभोवती गोळा झाली.